पक्षपद्धती, युती, आघाडी आणि गट

प्रश्न : लोकसभेच्या निकालानंतर ‘पक्षपद्धती बदलली’ असे लिहिले जाते. ते आणि ‘सत्तांतर झाले’ यांत नेमका फरक काय? ‘युती’ आणि ‘आघाडी’ समानार्थी मानावेत का?

उत्तर : सत्तेची खरी संधी कोणकोणत्या पक्षांना आहे आणि ते एकमेकांशी कसे लढतात वा जुळवून घेतात, याची काही निवडणुका टिकलेली घडी म्हणजे पक्षपद्धती. पहिल्या लोकसभेत काँग्रेसला सुमारे ४५ टक्के मतांवर ४८९ पैकी ३६४ जागा मिळाल्या, परंतु विरोधकांना निवडणूक खुली असल्यामुळे त्या काळाला ‘एकपक्षपद्धती’ न म्हणता ‘एकपक्षप्रभुत्व’ म्हणावे. १९७७ मध्ये काँग्रेस हरली खरी, पण जनता पक्ष फुटला आणि १९८० मध्ये काँग्रेस परतली; म्हणून त्याला मी सत्तांतरच म्हणेन. घडी मोडली ती १९८९ मध्ये. तेव्हापासून २०१४ पर्यंत एकाही लोकसभा निवडणुकीत एका पक्षाला स्वबळावर बहुमत मिळाले नाही, आणि मित्रपक्षांशिवाय सरकार हा विचारच मागे पडला. २०१४ मध्ये भाजपला २८२ जागा मिळाल्यावर तो विचार परतला. २०२४ मध्ये हा आकडा २४० वर आल्याने मित्रपक्षांचे वजन पुन्हा वाढले.

‘युती’ आणि ‘आघाडी’ यांचा मूळ अर्थ जवळचा असला, तरी महाराष्ट्रात ‘युती’ म्हटले की शिवसेना-भाजप आणि ‘आघाडी’ म्हटले की काँग्रेस-राष्ट्रवादी, असा संकेत रूढ झाला. दिल्लीच्या संदर्भात मात्र तो लागू पडत नाही, कारण तिथे भाजपच्या नेतृत्वाखालील मोटसुद्धा ‘राष्ट्रीय लोकशाही आघाडी’च आहे.

पुरवणी, कोल्हापूरहून : वरील विवेचनात ‘गट’ हा शब्द यायला हवा. सदाशिवराव मंडलिक येथून १९९८ मध्ये काँग्रेसचे, १९९९ व २००४ मध्ये राष्ट्रवादीचे आणि २००९ मध्ये अपक्ष म्हणून खासदार झाले. पुढे त्यांचे पुत्र संजय मंडलिक २०१९ मध्ये शिवसेनेकडून निवडून आले. निवडणूक निकालाच्या तक्त्यात पक्षाच्या रकान्यात ही चार वेगवेगळी नावे दिसतील, पण कागल तालुक्यात विचारले तर लोक ‘मंडलिक गट’ एवढेच सांगतील. नेत्याशी किंवा घराण्याशी बांधलेली, पक्ष बदलला तरी सहसा न मोडणारी कार्यकर्त्यांची फळी, हा ‘गट’ या शब्दाचा अर्थ ‘पक्षातील उपविभाग’ या अर्थापासून वेगळा आहे आणि शब्दकोशात तो स्वतंत्रपणे नोंदवला जावा, असे मला मनापासून वाटते.