इकेबानाच्या (जपानी पुष्परचना) सरावासाठी बागेतलीच झाडं वापरायचीत, पण हायड्रेंजिया तासाभरात मान टाकतोय

अबोली_सायतामा

नमस्कार मंडळी. आम्ही सायतामात राहतो, भाड्याचं जुनं घर आहे आणि मागे घरमालकीणबाईंनी लावलेली छोटीशी बाग फुकटात मिळालीये :) अजिसाई म्हणजे आपला हायड्रेंजिया, एक त्सुबाकी (कॅमेलिया), कोपऱ्यात नान्तेन (लाल फळांचं झुडूप), एक म्हातारं उमेचं (जपानी जर्दाळू) झाड आणि भिंतीलगत सावलीत ती हारानची रुंद पानं. मी सोगेत्सुच्या (इकेबानाची एक शैली) क्लासला जाते, तिथे फुलांचे पैसे दर वेळी वेगळे द्यावे लागतात आणि घरी सराव करायचा तर परत दुकानातून आणा, त्यापेक्षा घरचंच वापरावं असं ठरवलंय.

अडचण अशी की क्लासमध्ये दुकानातून येणाऱ्या काड्या लांब, सरळ, एकसारख्या असतात. माझ्याकडचं सगळं वाकडं, आखूड, पानांना अळ्यांनी पाडलेली भोकं. शिन, सोए, हिकाए या तीन मुख्य फांद्यांच्या लांबीचं गणित बसतच नाही. दुसरं म्हणजे आत्ता त्सुयु (इथला पावसाळा) चालू आहे, अजिसाई नुसता बहरलाय, पण कापून केन्झानवर (फुलं खोचायची खिळ्यांची बैठक) लावला की तासाभरात लुळा. आणि तिसरं, झाडं माझी नाहीत, बेधडक कापत सुटले आणि पुढच्या वर्षी फुलंच आली नाहीत तर मालकीणबाईंना काय तोंड दाखवू? कुणी केलंय का असं?

तोक्योकर_काका

अबोली, अजिसाईचं दुखणं जगजाहीर आहे, इथे सगळ्यांचाच तो मान टाकतो. झाडाजवळ जाताना पाण्याची बादली सोबत ने, कापलं की लगेच पाण्यात. भर दुपारी कापू नकोस, सकाळी लवकर किंवा संध्याकाळी. घरी आणल्यावर देठ पाण्यात बुडवून ठेवूनच पुन्हा एकदा तिरका काप दे, याला इथे मिझुकिरी म्हणतात, तुझ्या सेन्सेईंनी सांगितलंच असेल. हे सगळ्याच फुलांना लागू, पण अजिसाईला एवढ्याने भागत नाही. त्याच्या देठाच्या आत पांढरा कापसासारखा गर असतो बघ, तो चाकूच्या टोकाने दोनतीन सेंटीमीटर खरवडून काढायचा आणि तिथे तुरटीची पूड चोळायची. हो हो, तीच आपली दाढीनंतर फिरवायची तुरटी! इथल्या सुपरमार्केटमध्ये लोणच्याच्या सामानात याकिम्योबान म्हणून पाकीट मिळतं, वांग्याच्या लोणच्याचा जांभळा रंग टिकावा म्हणून बायका वापरतात. मग गळ्यापर्यंत खोल पाण्यात दोनेक तास ठेव आणि त्यानंतरच मांडायला बस.

पानं बरीच काढून टाक, एकदोन ठेव फक्त. पाणी सगळं पानंच पितात आणि फुलाचा गोळा तहानलेला राहतो. एवढं करूनही सुकलाच तर अख्खा गोळा उलटा करून बादलीत बुडव, बऱ्याचदा परत ताजातवाना होतो.

आणि ती पानं जेवणाच्या ताटात सजावटीला वगैरे ठेवू नकोस, विषारी असतात. २००८ साली इथे रेस्टॉरंटमध्ये पदार्थाखाली सजावटीला ठेवलेलं पान खाऊन लोक आजारी पडले होते.

माती_आणि_मी

कापणीचं मी सांगते, योकोहामात आहे आणि इकेबानापेक्षा बागकामात माझा जीव जास्त रमतो.

अजिसाई बिनधास्त काप, पण जुलै संपायच्या आत. पुढच्या वर्षीच्या कळ्या तो साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये याच फांद्यांवर धरतो, म्हणजे नोव्हेंबरात कुणी नीटनेटकं करू म्हणून कात्री चालवली की पुढच्या जूनमध्ये नुसती पानंच पानं. फुलाखाली पानांच्या दोन जोड्या सोडून त्याखालच्या जोडीच्या वर काप दे, तिथे पानाच्या बेचक्यात छोटे कोंब दिसतात, तेच पुढे वाढतात. आणि ज्या फांदीला या वर्षी फूलच आलं नाही तिला हात लावायचा नाही, पुढच्या वर्षीचा बहर तिच्यावरच असतो. (पांढरा ॲनाबेल असेल तर हे नियम लागू नाहीत, तो नव्या फांदीवर फुलतो, हिवाळा सरताना कापला तरी चालतं.)

त्सुबाकी फुलून गेल्या गेल्या छाटायचा, उन्हाळ्यात तो पुढच्या कळ्या धरायला लागतो. उमेला मात्र कापावंच लागतं. जपानीत म्हणच आहे, साकुरा (चेरी) कापणारा मूर्ख आणि उमे न कापणारा मूर्ख. तुझ्या म्हाताऱ्या उमेवर वरच्या बाजूला सरळसोट हिरव्या काठ्या फुटल्या असतील, त्या बागवान एरवी टाकूनच देतो. इकेबानात त्यांना केवढा मान! शेवाळ चढलेली जुनी वाकडी फांदी आणि शेजारी ती ताठ कोवळी काठी, फेब्रुवारीतली अशी मांडणी बघशील तर दुकानातल्या फुलांकडे ढुंकूनही बघणार नाहीस.

मालकीणबाईंना एकदा विचारून ठेव मात्र. माझा अनुभव असा की इथल्या आजीबाई इकेबाना ऐकलं की खूश होतात आणि स्वतःच कात्री घेऊन येतात.

कोथरूडची_मिनू

मी पुण्यात ओहारा पद्धतीचं शिकते, त्यामुळे आखूड देठांवर माझे दोन पैसे. ही पद्धत सुरू करणाऱ्या ओहारा उन्शिननी मोरिबाना हा प्रकार काढला तोच मुळात मेइजी काळात (एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस) पाश्चात्त्य फुलं जपानात यायला लागली तेव्हा, ती बुटकी, आखूड देठांची, जुन्या उंच मांडणीत बसेनात, म्हणून पसरट भांडं. तेव्हा आखूड देठ म्हणजे रडायचं कारण अजिबात नाही, भांडं लहान घे की. सोगेत्सुत शिनची लांबी भांड्याचा व्यास अधिक खोली, त्याच्या दीडपट ते दुप्पट, बरोबर ना? मग ३० सेंमीच्या सुइबानला (पसरट भांडं) ६ खोली धरून ५४ ची फांदी लागते, कुठून आणशील अजिसाईची? तेच १२ सेंमीचा वाडगा आणि ४ खोली घेतलीस तर २४ मध्ये काम होतं. सोए त्याच्या पाऊणपट म्हणजे १८, हिकाए त्याच्या पाऊणपट साडेतेरा. मी तर घरातली दह्याची सिरॅमिकची वाटी वापरते, सासूबाई शोधत असतात :D

इथे आमच्याकडे कर्दळ, सोनटक्का, हेलिकोनिया, अळूची पानं हेच चालतं. जास्वंद पाण्यात ठेवा नाहीतर बाहेर, एकाच दिवसाचं, त्यामुळे पाहुणे यायच्या दिवशीच. पावसाळ्यात सुइबानचं पाणी मात्र रोज बदलते, पसरट उथळ पाणी म्हणजे डासांना आमंत्रणच आणि डेंग्यू परवडायचा नाही.

तोक्योकर_काका

मिनूताई, वाटीची आयडिया बेस्ट. पण गणिताच्या फार मागे लागू नये असं माझं मत. वाकड्या फांदीची लांबी मोजायची कशी, वळणावळणाने की सरळ? फांदी हातात धरून फिरवून बघायची, सूर्याकडे तोंड करून वाढलेली बाजू समोर आली की ती आपोआप बोलायला लागते.

कोथरूडची_मिनू

काका, माफ करा पण हे तुम्हाला सुचतं कारण तुम्ही मुरलेले आहात. अबोली शिकाऊ आहे, तिने निदान बेसिक मांडण्या तरी मोजूनमापून कराव्यात. उभ्या रेषेपासून शिन १० ते १५ अंश, सोए ४५, हिकाए ७५, हे हाताला बसलं की मग फिरवा फांदी हवी तशी. आधीच मोकळं सोडलं की फुलदाणीत कोंबलेला गुच्छ होतो, मी बघितलेत असे.

अबोली_सायतामा

बाप रे, केवढी माहिती! तुरटी आजच आणली आणि खरवडणं वगैरे सगळं साग्रसंगीत केलं, रात्रीचे दहा वाजलेत आणि गोळा अजून टवटवीत आहे. मालकीणबाईंनाही विचारलं, त्या म्हणाल्या काप की, आणि नान्तेनचीही घेऊन जा म्हणाल्या. भोकं पडलेल्या पानांचं काय करू पण? आणि फांदी केन्झानवर तिरकी केली की घसरून आडवी होते, त्याला उपाय?

तोक्योकर_काका

थोडं किडलेलं पान राहू दे की, ऋतू कळतो त्यातून. अगदीच जाळी झाली असेल तर काढ, किंवा कात्रीने कडेकडेने पानाच्याच आकारात कापून घे, कुणाला कळत नाही.

फांदी घसरते कारण तू ती तिरकीच खुपसत असणार. लाकडी फांदीला तिरका काप दे, जाड असेल तर बुडाला उभी चीर दे, सरळ उभी दाबून बसव आणि मग हळूहळू कलती कर, कापलेला भाग वरच्या बाजूला येईल असं. मऊ देठाच्या फुलाला मात्र आडवा सपाट काप. फारच बारीक देठ असेल तर जाड देठाच्या छोट्या तुकड्यात खोचून मग तो तुकडा केन्झानवर. आणि केन्झानच सरकत असेल तर खाली ओल्या कागदाची घडी.

माती_आणि_मी

पुढच्या महिन्यांसाठी आत्ताच सांगून ठेवते. सप्टेंबरात नदीकाठी सुसुकी (ते चंदेरी तुऱ्याचं गवत) दिसेल, त्याचं टोक थोडा वेळ व्हिनेगरमध्ये बुडवून मग पाण्यात, नाहीतर पानं लगेच गुंडाळतात. शेवंतीला कात्री लावायची नाही, पाण्याखाली हाताने मोडायची. अजिसाई संपला की मधले दोन महिने तुझ्या बागेत फुलांची बोंब असेल, तेव्हा हारानच्या पानांवर सराव कर. नुसती पानं घेऊन बसायचं, प्रत्येक पानाच्या मधल्या शिरेच्या दोन बाजू सारख्या रुंद नसतात हे तेव्हा दिसतं, आणि कुठलं पान डावीकडे जाईल कुठलं उजवीकडे ते त्यावरच ठरतं.

नान्तेनची लाल फळं नवीन वर्षाच्या मांडणीला हवी असतील तर त्याला डिसेंबरच्या आधी जाळी बांध. हियोदोरी नावाचा पक्षी येतो, आपल्या बुलबुलचा भाऊबंद, आणि घोसच्या घोस फस्त करतो.