कॉलनीची वर्गणी: कुठली कामं आपण करायची?

गुंठेवारीकर, सांगली:
मंडळी, आमची वसाहत गुंठेवारीतली, म्हणजे शेतजमिनीचे गुंठ्यागुंठ्यानं तुकडे पाडून विकलेली. दीड-दोन गुंठ्यांचे प्लॉट, काळी माती, गटार अजून झालेलं नाही. घरपट्टी भरतोच, वर कॉलनी समितीला महिन्याला २०० रुपये. त्यातून रात्रीचा वॉचमन, बोअरचं लाईटबिल आणि गवत काढणं भागतं. आता जादा वर्गणी काढून गल्लीत गटाराचे पाईप टाकून घेऊ, असं समितीचं म्हणणं. निम्मे तयार आहेत, बाकीचे विचारतात, मग घरपट्टी कशाला भरायची? तुमच्याकडं कसं चालतं?

कुपवाड रोड:
टाकून घ्या. आम्ही दिवे, कॅमेरे सगळं वर्गणीतूनच केलं. वाट बघत बसलं की आणखी एक पावसाळा चिखलात जातो.

उताराकडची गल्ली:
दादा, आधी समितीला विचारा, पाणी शेवटी सोडणार कुठं? आम्ही उताराला राहतो. वरच्या गल्लीनं वर्गणीतून मुरूम टाकून रस्ता वीतभर उचलला. त्यांचा चिखल गेला आणि पाणी आमच्या उंबऱ्याला लागलं. शेजारच्या आजी पावसाळाभर दारात वाळूची पोती लावतात, धान्याचे डबे कॉटवर. त्या समितीत आमचं कुणीच नव्हतं, मग दाद मागायची कुणाकडं?

वॉचमन, दिवे, झाडं खुशाल करा. त्यानं शेजाऱ्याचं काही बिघडत नाही. गटार मात्र नाल्यापर्यंतची लेव्हल काढून, म्हणजे जमिनीचा चढउतार मोजून, अख्ख्या भागाचं एकदम व्हायला हवं, आणि ते महापालिकेचंच काम. २००१ च्या गुंठेवारी कायद्यात प्लॉट नियमित करताना विकास शुल्क घेतात. ज्यांनी भरलंय त्यांच्या पावत्या गोळा करा. सगळ्या गल्ल्यांच्या सह्यांचा अर्ज द्या, आवक शिक्क्याची पोच घ्या. वर्गणी खर्चायचीच तर लेव्हल काढून घ्या आणि नकाशा अर्जाला जोडा.

सोसायटीतला सचिव, मिरज:
उताराकडच्या ताई बरोबर बोलल्या. एक पैशाचं सांगतो. नोंदणीकृत गृहनिर्माण संस्थेला थकबाकीसाठी उपनिबंधकांकडून वसुली दाखला मिळतो. नुसत्या कॉलनी समितीला तो मार्ग नाही. मोठं काम अंगावर घेतलं आणि दहा घरांनी हात वर केले, तर ठेकेदार तुमच्या दारात उभा राहणार. भाडेकरूंकडून किती घ्यायचं तेही आधीच ठरवा.

गुंठेवारीकर, सांगली:
आभार. रविवारच्या बैठकीला उताराकडच्या दोन्ही गल्ल्यांना बोलावतोय. लेव्हल काढून देणारं कुणी माहितीत असेल तर कळवा.