वाटी ‘वाटी’ दिसू नये म्हणून काय करावे?

प्रश्न (वडोदरा): दांडिया बाजारातील आमच्या घरी सकाळी खिडकीतून तिरपे ऊन येते, तेव्हा मी स्टीलच्या वाट्यांची छायाचित्रे काढते, परंतु पाहणारा प्रत्येक जण ‘वाटी छान आली’ एवढेच म्हणतो. वस्तू मागे पडून आकार पुढे यावा, यासाठी काय करावे? पोलरायझर (लेन्सवर लावायचा चकाकी कमी करणारा फिल्टर) घ्यावा का?

उत्तर १: पोलरायझरवर पैसे घालवू नका, काचेवरील किंवा पाण्यावरील चकाकी तो कमी करतो, उघड्या धातूवर त्याचा फारसा उपयोग होत नाही. त्यापेक्षा जवळ जा आणि वाटीची कड चौकटीबाहेर ठेवा, कारण ओळख पटते ती कडेवरूनच. अमेरिकी छायाचित्रकार पॉल स्ट्रँड यांनी १९१६ मध्ये साध्या वाडग्यांची अशीच जवळून छायाचित्रे घेतली होती.

उत्तर २: कड पूर्णपणे काढून टाकणे मला पटत नाही, थोडी ओळख उरली तरच भ्रमाची गंमत. उजळ भाग वर येईल असे छायाचित्र फिरवून पाहा: प्रकाश वरूनच येतो असे मेंदू गृहीत धरत असल्यामुळे खोलगट वाटी बहुधा फुगीर दिसू लागते. मात्र वाटी मंद चमकेची हवी. लखलखीत वाटीत आपण आणि आपला कॅमेराच दिसतो.

प्रश्नकर्ती: आजीची कल्हई गेलेली पितळी वाटी आहे, पण तिच्यावर चरे पडले आहेत. चालेल?

उत्तर १: उत्तम! ऊन पृष्ठभागाला जवळजवळ घासून जाऊ द्या, म्हणजे चरे उठून दिसतील.