बेकी ब्लूमवुडच्या बहिणींनो, खरेदीचे किस्से टाका

चादरवाली: काल माळा आवरताना चादरींचा गठ्ठा डोक्यावर पडला. अकरा निघाल्या! चारांची घडीसुद्धा मोडलेली नाही. सोलापुरात राहून चादरी साठवणारी मीच. एकदम 'शॉपहॉलिक' कादंबरीतली बेकी आठवली. लंडनच्या मासिकात लोकांना पैसे कसे वाचवायचे ते शिकवते आणि स्वतः बँकेची पत्रं उघडायला घाबरते. 2000 साली आलं पुस्तक, मी कॉलेजात वाचून लोळून हसले होते. आज माझ्याच पर्समध्ये न उघडलेलं बिल आहे. सांगा की तुमचंही.

शेंगाचटणी: सवलतीत घेतलं म्हणजे तेवढे पैसे वाचले, हे तिचं गणित आमच्या घरात पाठ आहे. नवी पेठेत एकावर एक फ्री कुर्ता घेतला. फ्रीवाला लहान झाला, म्हणून तिसरा घेतला 😭

उन्हाळाग्रस्त: 2009 च्या सिनेमात ती कार्ड बर्फात गोठवते ना, तेच केलं मी. डब्यात पाणी, त्यात कार्ड, फ्रीझरमध्ये. मे महिना, दुपारी लाईट गेली. संध्याकाळी कार्ड डब्यात मस्त पोहायलंय. मग काय, गेले चाटी गल्लीत खरेदीला.

चादरवाली: @उन्हाळाग्रस्त मेले गं हसून

सातरस्ता: लेखिका गेली ना डिसेंबर 2025 मध्ये. सोफी किन्सेला. स्वतःही आधी आर्थिक पत्रकारच होती, म्हणून ती बँकेची पत्रं इतकी नेमकी.

गव्हाचीकोठी: आईला भिशी लागली की आई थेट साडीच्या दुकानात. बाबांची मिल बंद पडलेली, घरात चणचण, आणि ही इरकल घेऊन यायची. गव्हाच्या कोठीत लपवायची, डांबरगोळ्यांसकट. बाबा वर्षभर गप्प. एकदाच जेवताना म्हणाले, "पोळीला डांबरगोळीचा वास यायलाय." आई उठून आत गेली. ती साडी तिने कधी नेसलीच नाही. आता माझ्याकडे आहे, वास अजून जात नाही.

शेंगाचटणी: अगं... ❤️ उन्हात टाक, सावलीत नको.

गड्डाप्रेमी: इरकल उन्हात?? रंग जाईल. सावलीतच टाक, वारा लागू दे. बाकी मला यंदाच्या गड्डा जत्रेत होम मैदानावर फक्त पाळण्यात बसायचं होतं. बांगड्या, चाळण्या, लाटणं घेऊन आले. पाळणा राहिला.

शेंगाचटणी: चाळण्या किती?

गड्डाप्रेमी: तीन. हसू नको बे.

सातरस्ता: @चादरवाली दोन चादरी मला देतेस का? भावजयीकडे द्यायच्यात. पैसे देते.

चादरवाली: घेऊन जा की. थांब, नळाला पाणी आलंय, चार दिवसांनी. नंतर बोलते.