मदत हवी आहे: अराज्यवादातील दोन प्रवाहांसाठी मराठी शब्द

अभ्यासवर्गासाठी अराज्यवादी (राज्यसंस्थाच नको म्हणणाऱ्या, इंग्रजीत anarchist) विचारप्रवाहांवर दोन पानी टिपण लिहिताना मी एका भेदापाशी अडलो आहे. रशियन अराज्यवादी विचारवंत बाकुनिनच्या प्रवाहात जमीन व अवजारे सामूहिक मालकीची होतात, मात्र मोबदला ज्याच्या त्याच्या श्रमानुसार मिळतो; त्याच्यानंतरचा रशियन अराज्यवादी क्रोपोट्किन याला हे मोजमापच मान्य नाही, कारण खाणीतून वर आलेल्या कोळशात खोदणाऱ्याचा, माणसे-कोळसा वर-खाली नेणाऱ्या पाळण्याचे (लिफ्टचे) यंत्र चालवणाऱ्याचा आणि अभियंत्याचा वाटा किती, हे कोणालाच वेगळे काढून दाखवता येत नाही. म्हणून तो गरजेनुसार वाटप मागतो, आणि १८८० साली ज्युरा फेडरेशन या स्वित्झर्लंडमधील अराज्यवादी कामगार संघटनेनेही हीच भूमिका स्वीकारली.

पहिल्यासाठी ‘समूहवाद’ लिहिले, तेव्हा वाचकांनी सरकारी मालकी असा अर्थ घेतला; दुसऱ्यासाठी ‘अराज्यवादी साम्यवाद’ लिहिले, तर सर्वांना मार्क्सच आठवला. ‘अराजक’ हा शब्द गोंधळाच्या अर्थाने रुळल्यामुळे मला तो टाळायचाच आहे. फ्रेंच अराज्यवादी प्रूदाँ याच्या प्रवाहासाठी ‘परस्परवाद’ (mutualism) नीट चालतो. वाचक राज्यशास्त्राचे विद्यार्थी नाहीत आणि तळटीपांना जागा नाही. श्रमानुसार आणि गरजेनुसार हा फरक नावातूनच कळेल, अशी शब्दांची जोडी मराठीत यापूर्वी कोणी वापरली आहे का, आणि नसल्यास आपण कोणती सुचवाल?