मदत हवी आहे: साताऱ्यात ॲसिड-फ्री माउंट आणि नीट फ्रेम करणारे कुणी?

नमस्कार मंडळी. साल्वादोर डालीचं वितळत्या घड्याळांचं चित्र (1931) हॉलसाठी फ्रेम करायचंय. मूळ चित्र जेमतेम 24 × 33 सेंटिमीटरचं, न्यूयॉर्कच्या मोमा संग्रहालयात आहे. तेच प्रमाण राखून 16 × 22 इंची प्रिंट काढलीय, भोवती एकेक इंच कोरा कागद सोडून. 18 × 24 च्या पूर्ण कागदावर ताणली असती तर कडेचा भाग कापला गेला असता.

माउंटची (प्रिंट आणि काच यांच्यामधल्या पुठ्ठ्याच्या चौकटीची) खिडकी 16.5 × 22.5, पट्टी चारी बाजूंनी अडीच इंच, म्हणजे फ्रेमचं आतलं माप 21.5 × 27.5.

अडचण अशी की बरेच फ्रेमवाले प्रिंट हार्डबोर्डला पूर्ण चिकटवतात किंवा चारी बाजूंनी टेप मारतात. पावसाळ्यात कागद फुगतो, त्याला सरकायला जागा नसते, मग लाटा येतात. माउंट नसेल तर प्रिंट काचेला चिकटते आणि सोडवताना शाईच निघते. साध्या पुठ्ठ्याने कडा पिवळ्या पडतात ते वेगळंच. म्हणून कागदी टेपच्या दोनच बिजागऱ्या, त्याही फक्त वरच्या कडेला हव्यात.

राजवाडा किंवा पोवई नाका भागात असं कुणी करून देतं का? ॲसिड-फ्री बोर्ड साताऱ्यात मिळतो की पुण्याहून आणावा लागेल? आणि भिंत पश्चिमेची, पावसाची ओल धरणारी आहे. फ्रेममागे खालच्या कोपऱ्यांना रबरी बटणं लावून हवा खेळती ठेवणं पुरेल, की भिंतच बदलावी?