बायोसला ड्राइव्ह दिसते, मग घोडं अडलंय कुठे?

जुन्या डिस्कवरून क्लोन (हुबेहूब नक्कल) केलेली नवी एसएसडी बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या मशीनच्या मूळ प्रोग्रॅममध्ये दिसते, पण सुरू करताना 'नो बूटेबल डिव्हाइस' (विंडोज सुरू करता येईल अशी डिस्क नाही) येतं, असं तुम्ही म्हणता. दिसतेय म्हणजे ती नीट बसली आहे; उगाच परत उघडून स्क्रू आवळत बसू नका.

मला वाटतं, क्लोन करताना तुम्ही फक्त सी ड्राइव्ह घेतली. यूईएफआय (नव्या पद्धतीचं बायोस) मशीनवर विंडोज सुरू करणारी बूट फाइल सी मध्ये नसतेच. ती साधारण १०० एमबीच्या वेगळ्या ईएफआय पार्टिशनमध्ये (डिस्कच्या एका छोट्या भागात) असते, आणि ते जुन्या डिस्कवरच राहिलं. हाच घोळ घालून मी अख्खा रविवार घालवलाय. जुनी डिस्क परत लावा आणि या वेळी सगळी पार्टिशनं निवडून क्लोन करा.

जुनी डिस्क एमबीआर (पार्टिशनं मांडायची जुनी पद्धत) असेल तर मात्र गोष्ट वेगळी. एनव्हीएमई प्रकारची एसएसडी लेगसी मोडमध्ये (जुन्या बायोस पद्धतीत) बहुतेक लॅपटॉपवर बूट होत नाही. मग बॅकअप घेऊन आधी जुन्या डिस्कवरच विंडोज १० मधलं एमबीआरटूजीपीटी (डिस्क एमबीआरमधून नव्या जीपीटी पद्धतीत नेणारं टूल) चालवा, बायोस यूईएफआयवर न्या, आणि मगच क्लोन.

बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं एन्क्रिप्शन) चालू असेल तर रिकव्हरी की आधी कागदावर उतरवा. आणि जुनी डिस्क महिनाभर तरी फॉरमॅट करू नका.